रीस्टार्ट केल्यावर चालणारे आणि पुन्हा अडखळणारे वाय-फाय : अ‍ॅक्सेस पॉइंटच्या रेडिओ सेटिंगची तपासणी

तक्रार बहुधा ठरावीक स्वरूपाची असते. फोनवर रेंज पूर्ण दिसते, नेटवर्कशी जोडणीही झालेली असते, तरी पान उघडत नाही, व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो, आणि कोणीतरी उठून अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे यंत्र) बंद करून पुन्हा चालू केला की सगळे सुरळीत होते. काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुन्हा तेच घडते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारल्यास त्यांच्याकडील लाइन व्यवस्थित असल्याचे उत्तर मिळते आणि पुष्कळदा ते खरेही असते.

अशा वेळी रीस्टार्टने नेमके काय बदलते हे आधी पाहावे. एक तर जोडलेली सगळी उपकरणे तुटतात आणि नव्याने, त्या क्षणी जो अ‍ॅक्सेस पॉइंट व जो बँड (लहरींचा पट्टा, म्हणजे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) बरा वाटेल तो निवडून जोडली जातात. दुसरे म्हणजे, चॅनेल (बँडमधला क्रमांक दिलेला छोटा भाग) ‘ऑटो’वर ठेवलेले असेल तर रेडिओ, म्हणजे यंत्रातला लहरी पाठवणारा आणि ऐकणारा भाग, काही सेकंद आजूबाजूची हवा ऐकतो आणि तेवढ्या वेळात जे चॅनेल शांत आढळले त्यावर जाऊन बसतो. तिसरे, यंत्राची मेमरी रिकामी होते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींमुळे फरक पडत असेल, तर दोष रेडिओच्या सेटिंगमध्ये आहे आणि रीस्टार्टने तो केवळ पुढे ढकलला जातो. कारण निवड पुन्हा त्याच पद्धतीने, त्याच अपुऱ्या माहितीवर होते आणि परिस्थिती बदलली की पुन्हा चुकते. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: यंत्राने स्वतः घ्यायचे जे निर्णय वारंवार फसतात, ते त्याच्याकडून काढून घेऊन विचारपूर्वक ठरवून द्यावेत.

रीस्टार्ट करण्यापूर्वी

अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट आपला लॉग (घडामोडींची नोंद) केवळ तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज काढताच तो पुसला जातो, म्हणजे घाईघाईने केलेल्या रीस्टार्टमध्ये बिघाडाचा पुरावाच नाहीसा होतो. त्यामुळे पुढच्या वेळी तक्रार आली की आधी तारेने जोडलेल्या संगणकावरून व्यवस्थापनाच्या पानावर जावे आणि लॉग उतरवून घ्यावा. लॉग नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राकडे सतत पाठवण्याची सिसलॉगची सोय असेल तर ती कायमची चालू ठेवावी.

त्यानंतर दोष हवेत आहे की तारेत, हे ठरवावे. वाय-फायवरील लॅपटॉपवरून राउटरच्या आतल्या पत्त्याला सलग पिंग करावे (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहावे) आणि तेच तारेने जोडलेल्या संगणकावरूनही करावे. तारेवरून उत्तर मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर येत असेल आणि वाय-फायवरून ते शेकडो मिलिसेकंदांपर्यंत उसळत असेल किंवा मध्येच गहाळ होत असेल, तर दोष हवेत आहे आणि पुढील मजकूर उपयोगाचा आहे. दोन्हीकडून राउटरपर्यंतचे उत्तर चांगले येऊन फक्त बाहेरच्या पत्त्यांना उशीर होत असेल, तर रेडिओची सेटिंग बदलून काहीही साधणार नाही.

तिसरी नोंद वेळेची आणि व्याप्तीची. बिघाड सर्वांना जाणवतो की एकाच उपकरणाला, एकाच खोलीत की सगळीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर की ५ गिगाहर्ट्झवर, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे लिहून ठेवावे. माझ्या मते निदानाच्या दृष्टीने या सगळ्यांत वेळ अधिक बोलकी असते. मिनिटभर नेटवर्क पूर्ण नाहीसे होऊन परत येणे, रोज संध्याकाळी वेग उतरणे आणि खोली बदलली की कॉल तुटणे ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

शेवटी, व्यवस्थापनाच्या पानावरील चार आकडे टिपावेत: प्रत्यक्ष वापरात असलेले चॅनेल, त्याची रुंदी, प्रक्षेपणाची पॉवर आणि चॅनेल किती टक्के वेळ व्यग्र आहे तो आकडा. सेटिंगच्या पानावर केवळ ‘ऑटो’ असे दिसत असले तरी स्थिती दाखवणाऱ्या पानावर खरे मूल्य दिसते. बिघाडाच्या वेळचे आणि रीस्टार्टनंतरचे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर चॅनेल बदललेले आढळले, तर अर्धे निदान तिथेच झाले.

५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क अचानक नाहीसे होत असेल तर

या लक्षणामागे बहुतेक वेळा डीएफएस, म्हणजे रडार आढळल्यास चॅनेल सोडून देण्याची सक्ती, असते. ५ गिगाहर्ट्झ बँडमधील ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनेल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून वापरावी लागतात आणि त्यांवर रडारचा हक्क पहिला असतो. अशा चॅनेलवर प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी अ‍ॅक्सेस पॉइंटने किमान ६० सेकंद नुसते ऐकायचे असते. चालू असताना रडारसारखा सिग्नल आढळला तर १० सेकंदांच्या आत ते चॅनेल सोडायचे असते आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नसते. युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यात, म्हणजे १२० ते १२८ या चॅनेलांवर, सुरुवातीचे ऐकणेच १० मिनिटांचे आहे.

आता वापरणाऱ्याच्या बाजूने पाहू. रडार आढळल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट चॅनेल बदलत असल्याची घोषणा करतो. काही उपकरणे ती ऐकून मागोमाग जातात, काही गोंधळून तुटतात. नवे चॅनेलही डीएफएसमधलेच निवडले गेले, तर पुन्हा ६० सेकंदांची शांतता पाळावी लागते आणि तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क यादीतून गायब होते. लोक कंटाळून रीस्टार्ट करतात, तोवर वेळ निघून गेलेली असते आणि श्रेय रीस्टार्टला मिळते. लॉगमध्ये रडार आढळल्याची ओळ स्पष्ट दिसते, म्हणून लॉग आधी उतरवून घेण्याचा आग्रह धरला. प्रत्यक्षात जवळपास रडार असावेच लागते असेही नाही. दुसऱ्या यंत्रांचे तुटक सिग्नल रडार समजून चॅनेल सोडणारे रेडिओ पुष्कळ आहेत.

उपाय सोपा आहे. चॅनेल ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी, किंवा त्या देशात परवानगी असल्यास १४९ ते १६१ यांपैकी, हाताने ठरवून द्यावे. मात्र येथे एक फसगत होते. चॅनेल ३६ निवडले आणि रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवली, तर तो पट्टा ३६ पासून थेट ६४ पर्यंत पसरतो, म्हणजे त्याचा अर्धा भाग डीएफएसमध्येच असतो आणि रडारचे सगळे नियम लागू होतात. ‘आम्ही तर ३६ वर आहोत’ असे सांगणाऱ्यांची रुंदी आधी पाहावी. ८० मेगाहर्ट्झवर आणले की पट्टा ३६ ते ४८ इतकाच राहतो.

याचा अर्थ डीएफएसची चॅनेल नेहमीच टाळावीत असा नाही. गजबजलेल्या इमारतीत हीच चॅनेल अधिक मोकळी असतात. काही आठवड्यांच्या लॉगमध्ये रडारची एकही नोंद नसेल तर ती खुशाल वापरावीत. वारंवार नोंदी येत असतील तर ज्या चॅनेलवर येतात तेवढीच यादीतून काढून टाकावीत.

२.४ गिगाहर्ट्झ: १, ६, ११ आणि मधल्या चॅनेलांचा मोह

या बँडमध्ये चॅनेलांचे मध्य केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. चॅनेल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, ६ चा २४३७ वर आणि ११ चा २४६२ वर आहे, म्हणून ही तीन एकमेकांत न शिरता शेजारी बसतात. तपासणीच्या अ‍ॅपमध्ये या तिन्ही चॅनेलांवर गर्दी आणि ३ किंवा ९ वर कोणीच नाही असे चित्र दिसले की मधले रिकामे चॅनेल घेण्याचा मोह होतो, आणि काही यंत्रांचे ‘ऑटो’सुद्धा याच मोहाला बळी पडते.

तो मोह का टाळावा याचे कारण वाय-फायच्या बोलण्याच्या पद्धतीत आहे. एकाच चॅनेलवरील दोन अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांचे संदेश ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप; आकडा जितका अधिक उणे तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण संदेशही ओळखला गेला तर रेडिओ थांबून राहतो. वेग वाटला जातो, पण संदेश सहसा फुटत नाहीत. अर्धवट शिरणाऱ्या चॅनेलवरील बोलणे मात्र बहुधा संदेश म्हणून ओळखलेच जात नाही. ते केवळ गोंगाट असते आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा सुमारे उणे ६२ डीबीएम, म्हणजे कितीतरी वर आहे. परिणामी दोन्ही रेडिओ एकाच वेळी बोलत राहतात, संदेश फुटतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि रेंज पूर्ण दिसत असूनही काम होत नाही. चॅनेल ३ वर बसलेला अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय १ आणि ६ वरील दोन्ही शेजाऱ्यांचेही करतो.

म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडावे, आणि निवडताना किती नेटवर्के दिसतात यापेक्षा चॅनेल किती टक्के वेळ व्यग्र आहे याला महत्त्व द्यावे. ज्यांचा वापरच होत नाही अशी पाच नेटवर्के, दिवसभर व्हिडिओ वाहणाऱ्या एका नेटवर्कपेक्षा बरी. हे मोजमाप बिघाडाच्या वेळी करावे. मध्यरात्री मोजलेली शांतता संध्याकाळी कामाला येत नाही. ‘ऑटो’चीही अडचण हीच आहे की ते काही सेकंदांची हवा ऐकून दिवसभराचा निर्णय घेते. १२ आणि १३ ही चॅनेल अनेक देशांत वैध असली तरी काही उपकरणांना ती दिसतच नाहीत, त्यामुळे ‘फक्त याच फोनला नेटवर्क सापडत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी चॅनेलचा क्रमांक पाहावा.

रुंदी येथे २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्यास एका नेटवर्कने बँडचा मोठा भाग खाल्ला जातो आणि शेजाऱ्यांची सगळी गर्दी आपल्या पट्ट्यात येते. ज्या यंत्रांवर ‘२०/४० ऑटो’ असा पर्याय असतो, तिथे शेजारी नेटवर्क दिसले की यंत्र मागे सरते आणि मोकळीक मिळाली की पुन्हा पसरते. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

याच बँडमध्ये वाय-फायखेरीज दुसरेही पाहुणे असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि चालू असेपर्यंत आसपासच्या चॅनेलांना त्रास देतो; बिघाड ठरावीक वेळी आणि मोजकी मिनिटेच होत असेल तर संशय तिकडे न्यावा. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबलही या बँडमध्ये गोंगाट सोडतात, त्यामुळे राउटरच्या पाठीला लावलेली डिस्क काढून एकदा चाचणी घ्यावी. असा गोंगाट वाय-फाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये नेटवर्क म्हणून दिसत नाही, फक्त चॅनेलच्या व्यग्रतेचा आकडा चढलेला दिसतो.

रुंदी वाढवली की काय गमावते

५ गिगाहर्ट्झवर रुंदी दुप्पट केली की कमाल वेग साधारण दुप्पट होतो, आणि खोक्यावर छापलेला मोठा आकडा त्यातूनच येतो. पण रुंदी दुप्पट होताना रेडिओच्या कानावर येणारा मूळ गोंगाटही ३ डेसिबलने वाढतो: २० वरून ८० मेगाहर्ट्झवर गेल्यास ६, १६० वर गेल्यास ९ डेसिबल. सिग्नल तितकाच राहतो आणि गोंगाट वाढतो, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खोलीत वेग वाढतो आणि दोन भिंतींपलीकडे तो पूर्वीपेक्षा डळमळीत होतो. एकच अ‍ॅक्सेस पॉइंट असेल आणि शेजार विरळ असेल तर ८० ठीक आहे. एकाच मजल्यावर अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर ४० किंवा २० वर आणून प्रत्येकाला वेगळे चॅनेल देणे केव्हाही शहाणपणाचे. वेगाच्या चाचणीतला आकडा त्यामुळे घसरेल. तक्रारीही कमी होतील.

पॉवर: ‘हाय’वर ठेवण्याची सवय

बिघाडाचे जे प्रकार रीस्टार्टने हमखास बरे होतात त्यांत हा पहिला येतो आणि त्याच्याकडेच सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेंज कमी वाटली की पॉवर वाढवणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि बहुतेक यंत्रे कारखान्यातूनच कमाल पॉवरवर येतात. पण वाय-फाय हा दुतर्फी संवाद आहे. फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या रेषा केवळ अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतो हे सांगतात. फोनचा आवाज अ‍ॅक्सेस पॉइंटला किती ऐकू येतो हे त्या सांगत नाहीत. डोंगरमाथ्यावरून भोंगा लावून बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द खालच्या माणसाला ऐकू येतो, पण खालून मारलेली हाक वर पोहोचत नाही, तसा हा प्रकार आहे.

आकड्यांत सांगायचे तर २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, आणि प्रत्येक ३ डीबीएमला शक्ती दुप्पट होते, म्हणजे २३ डीबीएम २०० मिलिवॉट आणि १४ डीबीएम सुमारे २५ मिलिवॉट. अ‍ॅक्सेस पॉइंट २३ वर ओरडत असतो आणि बॅटरीवर चालणारा फोन पुष्कळदा १२ ते १५ च्या आसपास उत्तर देत असतो. पान उघडण्यासाठी फोनची मागणी आधी वर पोहोचावी लागते, मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची पोचही वर जावी लागते. ती पोहोचत नसेल तर फोनवर रेंज पूर्ण आणि काम शून्य, हे लेखाच्या सुरुवातीचे लक्षण तयार होते.

याची खात्री करणे अवघड नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पानावर जोडलेल्या प्रत्येक उपकरणापुढे त्याचा सिग्नल किती येतो हा आकडा असतो. तो आकडा आणि त्याच वेळी फोनवरील अ‍ॅपमध्ये दिसणारा सिग्नल यांची तुलना करावी. फोनला उणे ६० डीबीएम ऐकू येते आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला मात्र त्याच फोनचे उणे ७५ येते, इतकी दरी आढळल्यास पॉवर कमी करावी. आवाजाच्या कॉलसाठी दोन्ही बाजूंना उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल असावा असा सर्वमान्य दंडक आहे.

अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट असलेल्या ठिकाणी याचेच दुसरे रूप दिसते. कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटशी जोडायचे आणि तो केव्हा सोडायचा हा निर्णय उपकरणाचा असतो, नेटवर्कचा नव्हे. खालच्या मजल्यावर जोडलेला फोन वरच्या मजल्यावर नेला, तरी खालचा मोठा आवाज ऐकू येत असेपर्यंत तो त्यालाच चिकटून राहतो आणि डोक्यावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे पाहतही नाही. रीस्टार्ट केल्यावर तो तुटतो, नव्याने शोधतो, जवळचा पकडतो, आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. फोनचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तेवढेच बरे वाटत असेल तर हेच निदान पक्के समजावे, कारण त्यात अ‍ॅक्सेस पॉइंटला हातही लावलेला नसतो.

सुरुवात म्हणून ५ गिगाहर्ट्झची पॉवर १४ ते १७ डीबीएमच्या दरम्यान आणावी आणि २.४ गिगाहर्ट्झची त्याहून साधारण ६ डीबीएमने कमी ठेवावी. २.४ च्या लहरी तेवढ्याच अंतरात कमी क्षीण होतात, त्यामुळे दोन्ही बँड समान पॉवरवर असल्यास २.४ नेहमी जवळचा वाटतो आणि उपकरणे गर्दीच्या बँडवर जाऊन बसतात. पॉवर कमी केल्यावर एखादा कोपरा खरोखरच कोरडा पडला, तर तिथे आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो हे उघड झाले असे समजावे. तो कोपरा आधीही नीट चालत नव्हता, फक्त रेषा पूर्ण दिसत होत्या. काही यंत्रांत डीबीएमऐवजी ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ किंवा टक्केवारी असते. तिथे ‘मीडियम’पासून सुरुवात करून वरची तुलना पुन्हा करावी.

फिरत्या उपकरणांना एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाण्यास मदत करणाऱ्या ८०२.११ च्या, म्हणजे वाय-फायच्या मानकातल्या, ‘के’ आणि ‘व्ही’ या सोयी बहुतेक ठिकाणी बिनधास्त चालू ठेवता येतात. ‘आर’बाबत सावध राहावे, कारण ती चालू केल्यावर काही जुनी उपकरणे नेटवर्कशी जोडणेच नाकारतात. अगदी क्षीण सिग्नलच्या उपकरणाला जबरदस्तीने तोडणारी किमान सिग्नलची मर्यादाही अनेक यंत्रांत असते. ती शेवटी, आणि उणे ८० च्या आसपास सौम्य ठेवूनच वापरावी. फार कडक ठेवल्यास उपकरण तुटत-जोडत राहते आणि मूळ तक्रारीपेक्षा वाईट तक्रार हाती येते.

बीकन, जुने वेग आणि नावांची गर्दी

प्रत्येक नेटवर्क-नाव आपल्या अस्तित्वाची घोषणा, म्हणजे बीकन, दर १०२.४ मिलिसेकंदांनी करते आणि ती उपलब्ध असलेल्या सर्वांत कमी अनिवार्य वेगाने केली जाते. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग मूळ सेटिंगमध्ये पुष्कळदा १ एमबीपीएस असतो, जो १९९९ च्या ८०२.११बी आणि त्याआधीच्या उपकरणांसाठी राखलेला आहे. ३०० बाइटच्या एका बीकनला या वेगाने अडीच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे एका नावापायी हवेतील सुमारे अडीच टक्के वेळ जातो. पाहुणे, कर्मचारी, कॅमेरे आणि छपाईयंत्र अशी चार नावे ठेवली तर दहा टक्के, आणि तशी तीन यंत्रे एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकत असतील तर तीस टक्के वेळ एकही कामाचा बाइट न जाता संपतो.

म्हणून नावे तीनच्या आत आणावीत आणि किमान वेग १२ एमबीपीएसवर न्यावा. तसे केल्यावर एखादा जुना सेन्सर किंवा स्वस्त स्मार्ट प्लग जोडला जाईनासा झाला तर तात्पुरते ५.५ किंवा ६ वर यावे, किंवा त्या उपकरणांसाठी एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर वेगळे नाव ठेवावे. बीकनचे अंतर, डीटीआयएम, आरटीएस थ्रेशोल्ड आणि फ्रॅगमेंटेशन हे आकडे मात्र आहेत तसेच राहू द्यावेत. त्यांच्यात फेरफार करून चमत्कार घडल्याच्या कहाण्या खूप ऐकू येतात. त्यांत आकड्यांपेक्षा त्यांच्यासाठी केलेल्या रीस्टार्टचाच वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

देशाचा कोड

कोणती चॅनेल, किती पॉवरवर आणि डीएफएससह की डीएफएसशिवाय वापरायची, हे सर्व देशाच्या कोडवरून ठरते. कोड चुकीचा असेल तर हवे ते चॅनेल यादीत दिसत नाही, पॉवर ठरावीक आकड्यापुढे सरकत नाही, किंवा उलट स्थानिक उपकरणांना न ऐकू येणारे चॅनेल निवडले जाते. अधिक पॉवर मिळावी म्हणून मुद्दाम दुसऱ्या देशाचा कोड घालण्याचा सल्लाही दिला जातो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पॉवरविषयी वर जे सांगितले त्यानुसार निरुपयोगीही आहे.

दोष रेडिओचा नसेल तेव्हा

दोन कारणे रेडिओच्या बिघाडाचे सोंग घेतात. पहिले विजेचे. नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटला ८०२.३एटी प्रकारची, म्हणजे स्विचकडून ३० वॉटपर्यंतची सोय लागत असेल आणि स्विच मात्र ८०२.३एएफ प्रकारचा, १५.४ वॉटपर्यंतच देणारा असेल, तर काही यंत्रे कुरकुर न करता सुरू होतात, पण प्रक्षेपणाचे काही अँटेना किंवा एखादा रेडिओ बंद ठेवतात. वापर वाढला की ती अडखळतात किंवा आपोआप रीस्टार्ट होतात. स्थितीच्या पानावर ‘किती वेळ चालू आहे’ हा आकडा कोणी हात न लावता शून्यावर आलेला दिसला, तर चॅनेलांचा विचार सोडून आधी स्विच, अडॅप्टर आणि केबल तपासावी.

दुसरे पत्त्यांचे. उपकरण नेटवर्कशी जोडले जाते, पण त्याला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा मिळतच नसेल, तर उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडील पत्ते संपलेले आहेत किंवा ती सेवा अडकली आहे. येथेही रीस्टार्टने तात्पुरते बरे वाटते. पत्त्यांचा साठा वाढवणे आणि ये-जा करणाऱ्या उपकरणांसाठी पत्त्याची मुदत कमी ठेवणे हा त्यावरचा इलाज आहे.

बदल करताना

बदल नेहमी तारेने जोडलेल्या संगणकावरून करावेत, विशेषतः जिथे एक अ‍ॅक्सेस पॉइंट दुसऱ्याला बिनतारी जोडलेला आहे तिथे. अशा मांडणीत जोडणीच्या रेडिओचे चॅनेल बदलले की पलीकडचा भाग तुटू शकतो आणि मग शिडी लावून तिथपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आधी चालू सेटिंगची फाइल उतरवून ठेवावी. नंतर आधी चॅनेल व रुंदी, मग पॉवर, आणि शेवटी किमान वेग, या क्रमाने एकेक बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर बिघाडाची नेहमीची वेळ किमान एकदा तरी उलटून जाऊ द्यावी. सगळे एकदम बदलल्यास कशाने बरे झाले हे कळत नाही, आणि बिघडल्यास कशाने बिघडले हेही कळत नाही.

अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये ‘ऑटो’ पूर्ण बंद करणे व्यवहार्य नसेल, तर त्याला मोकळे सोडू नये. २.४ साठी १, ६, ११ इतकीच यादी द्यावी, ५ साठी रुंदी आणि चॅनेलांची यादी बांधून द्यावी, पॉवरला किमान व कमाल मर्यादा घालावी आणि चॅनेल बदलण्याची वेळ वापर नसलेल्या तासांत ठेवावी. दिवसा मधूनच होणारा चॅनेलचा बदल म्हणजे त्या क्षणी चालू असलेले सगळे कॉल तुटण्याची शक्यता, हे कंट्रोलरच्या अहवालात ‘सुधारणा’ म्हणून नोंदले जाते.

ठरवलेले चॅनेल, रुंदी, पॉवर, किमान वेग आणि देशाचा कोड एका कागदावर लिहून तो अ‍ॅक्सेस पॉइंटच्या फाइलसोबत ठेवावा. काही यंत्रे फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलल्यावर यांतली काही मूल्ये गुपचूप पुन्हा ‘ऑटो’ आणि ‘हाय’वर नेतात, म्हणून प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर स्थितीच्या पानावरील आकडे त्या कागदाशी ताडून पाहावेत.